कापसावर कोणीच का बोलत नाही भो?

टीव्हीवरच्या चर्चा बघून असं वाटतं की पक्ष एकमेकांना उत्तरं देताहेत, पण जरा नीट ऐका, कोणीच कोणाला उत्तर देत नाही. एक म्हणतो संविधान धोक्यात, दुसरा म्हणतो हिंदू धोक्यात, पहिला परत म्हणतो महागाई, दुसरा म्हणतो हायवे बघा किती झाले. सगळी मारामारी प्रश्नपत्रिका कोणी काढायची यावर असते, कारण ज्याने पेपर काढला तो निम्मा पास झालेलाच असतो.

जॉन पेट्रोसिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1996 मध्ये हे मांडलं की काही मुद्दे पक्षांच्या मालकीचे असतात, म्हणजे लोकांच्या डोक्यात आधीच पक्कं असतं की हे काम यांनाच जमतं. तिकडे शिक्षण नि आरोग्य डेमोक्रॅट लोकांचं, संरक्षण नि गुन्हेगारी रिपब्लिकन लोकांची. मग प्रचारात आपलाच ढोल बडवायचा, समोरच्याच्या मुद्द्यावर वाद घालायला गेलात की त्याचीच फुकट जाहिरात होते. आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होतं असं नाही, इथे सकाळी एका पक्षात असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचा गमछा घालून दिसतो, पण धुळ्यात 2024 ला जे झालं ते बघितलं की पटतं.

लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव भाजपच्या सुभाष भामरेंवर 3,831 मतांनी निवडून आल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते, एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने सगळी आघाडी खाऊन टाकली. आता निकाल एकच, पण अर्थ दोन निघाले. आघाडीवाले म्हणाले संविधान आणि कांदा. कांद्याची निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 ला लागली आणि उठली 4 मे ला, धुळ्याचं मतदान 20 मे ला, त्यामुळे गोष्ट सांगायला सोपी होती. पण कांद्याचं बागलाण याच मतदारसंघात आहे आणि तिथे भाजपच पुढे होतं, हे मात्र कोणी भाषणात सांगितलं नाही. भाजपने दुसरा अर्थ काढला, फडणवीसांनी धुळ्याचेच आकडे देऊन 'व्होट जिहाद' म्हटलं, म्हणजे मुस्लिमांनी एकगठ्ठा मतं टाकली असा आरोप, आणि 8 नोव्हेंबरला विधानसभेच्या प्रचाराची पहिली सभा घ्यायला मोदी आले ते धुळ्यातच, 'एक हैं तो सेफ हैं' इथूनच निघालं. म्हणजे मागच्या निवडणुकीचा विषय काय होता हे ठरवण्याची भांडाभांडी हाच पुढच्या निवडणुकीचा प्रचार. मला तर हे दोन्ही अर्थ सोयीचे वाटतात, पण सोयीचा अर्थच माईकवर चालतो.

कधीकधी मात्र एखादा मुद्दा इतका चालतो की सगळेच त्याच्यावर उडी मारतात, आणि मग वादाचा लिलाव होतो. जुलै 2022 मध्ये मोदींनी रेवडी वाटण्यावर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटपावर, टीका केली होती. मग 2023 ला मध्य प्रदेशात भाजपचीच लाडली बहना, कर्नाटकात काँग्रेसची गृहलक्ष्मी, आणि 2024 ला आपल्याकडे लाडकी बहीण, सगळ्या बायांच्या खात्यात महिन्याला पैसे टाकायच्या योजना, आपल्याकडे 1500 रुपये. विरोधक आधी म्हणाले पैसा आणणार कुठून, मग स्वतःच म्हणाले आम्ही 3000 देऊ. महायुती म्हणाली आम्ही 2100. त्यात फरक फक्त एवढाच की एकाचे पैसे खात्यात पडलेले होते आणि दुसऱ्याचे जाहीरनाम्यात होते, आमच्या गल्लीतल्या बायांना हे गणित कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता कापूस. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे वेचणी जोरात, आणि भाव नसला की माल घरातच. काकांच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग, पोरं त्याच्यावर उड्या मारताहेत, सगळ्यांच्या अंगाला खाज. प्रचाराला चौघं आले, बसायला जागा नाही म्हणून दारातच उभे, बहिणीचे पैसे, मंदिर, विरोधकांचा भ्रष्टाचार सगळं सांगून झालं. काका शांतपणे म्हणाले, "ते ठीक शे भाऊ, कापूसना भाव काय शे?" त्यातला एक जण ढिगाकडे बघत बोलला, "काका, तो विषय वरचा आहे." दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांनी पत्रक दिलं, त्यात शेतकऱ्याच्या हिताचं काहीतरी होतं.

खोटं नाही बोलला तो पोरगा. हमीभाव दिल्ली ठरवते, तेव्हा क्विंटलला मध्यम धाग्याचा 7121 आणि लांब धाग्याचा 7521 रुपये होता. सीसीआय, म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ, खरेदी करते पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत, आणि दिवाळीच्या पावसाने भिजलेला कापूस त्यात बसवणार कसा, मग गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीवाला व्यापारी म्हणेल तो भाव. आयात शुल्कही दिल्लीच्याच हातात, ते कमी केलं की सूतगिरण्या खूश, ठेवलं की शेतकरी. या मुद्द्यावर मालकी सांगायला कोणी पुढे येत नाही कारण सगळेच कधी ना कधी सत्तेत होते आणि सगळ्यांच्या काळात भाव पडलेत. सोयाबीनच्या भावाच्या आश्वासनांचा तरी लिलाव झाला, एक 6000 म्हणाला, एक 7000. कापसाला तेवढाही मान मिळाला नाही.

आणि तरी विधानसभेला खान्देशातल्या 20 पैकी 19 जागा महायुतीला गेल्या, जळगाव जिल्ह्यात तर 11 पैकी 11. म्हणून कापूसवाला नाराज नव्हता असं समजू नका, त्याच्या नाराजीचा प्रश्न पेपरातच नव्हता एवढंच. विरोधकांनीही तो नीट काढला नाही, त्यांना संविधानावर एकदा मार्क मिळाले होते ना, तेच परत लिहीत बसले.

पुढे ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबर, म्हणजे आमची जवळपास सगळी वेचणी त्यात गेली. हमीभाव 7710 आणि 8110 झाला होता, पण बाजारात तो द्यायचा कोणी? त्यावर थोडी आंदोलनं झाली, थोडी निवेदनं गेली. तेवढ्यात पालिकेच्या निवडणुका आल्या आणि चौकातली चर्चा गटारी, नळाचं पाणी आणि नगराध्यक्षाचं तिकीट कोणाला यावर गेली. काकांनी माल जानेवारीपर्यंत ठेवायचं ठरवलं, काकू म्हणाली खाज मला येते तुला नाही.