सांदण दरी: सॅक कशी भरायची, वाट कशी शोधायची

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाकडून सांदणच्या घळीत शिरलं की थोड्याच वेळात पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला उथळ. दुसऱ्यात हिवाळ्यात पाणी कमरेच्या वर, कधी छातीपर्यंत असतं. रेनकव्हर इथे बिनकामाचं, कारण पाणी खालून शिरतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून, दुमडून बांधा. डोहात उतरण्याआधी छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडा. पाय सटकला तर सॅक झटक्यात अंगावेगळी झाली पाहिजे. साखळी करून सॅक हातोहात पुढे दिल्या तर सगळ्यात उत्तम.

पुढे सगळे बोल्डर, म्हणजे मोठाले दगड. आडवी बांधलेली मॅट दोन दगडांच्या फटीत हमखास अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. मॅट उभी, शक्यतो आत. पाणी, शिधा, भांडी पाठीला चिकटून मध्यावर ठेवा. जड सामान वरच्या कप्प्यात भरलं की उतरताना तोल पुढे जातो. बाहेर लटकणारा मग फक्त फोटोत छान दिसतो.

उतरताना हात टेकावे लागले, म्हणजे सॅक काढायची वेळ झाली. ती खाली फेकू नका. आतली बाटली फुटते, नाहीतर सॅक गडगडत भलत्याच फटीत जाते. दोर सॅकच्या नुसत्या वरच्या लूपला बांधला तर जड सॅकचा लूप उसवतो. लूप आणि खांद्याचे दोन्ही पट्टे एकत्र घेऊन आठची गाठ मारा, कमरेचा पट्टा बकल लावून बंद करा. सॅक खाली येत असताना तिच्याखाली कोणी उभं राहायचं नाही.

सुमारे ४५ फुटांच्या पहिल्या रॅपलला, म्हणजे दोराने कडा उतरताना, जड सॅक पाठीवर नको. ती मागे ओढते आणि माणूस उताणा होतो. एकतर वेगळ्या दोराने आधी सोडा, नाहीतर स्लिंगने (पट्टीच्या फासाने) हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्याच्या, पुढच्या लूपला लटकवा.

अरुंद घळीत जीपीएसचा भरवसा नाही. दगड वाचा: गुळगुळीत, चकाकणारा कातळ पाण्याने घासलेला असतो, माणसांच्या वावराने नव्हे. बुटांचे पांढुरके ओरखडे आणि वाळलेल्या चिखलाचे ठसे शोधा. दोन फटी दिसल्या तर एकाने सॅक ठेवून पुढे बघून यावं, बाकीच्यांनी थांबावं. परत चढता येणार नाही अशा ठिकाणी बघायला म्हणूनही उडी मारू नका.

रॅपल संपल्यावर नाळ, म्हणजे ही उतरती घळ, रुंद होते आणि चकवा तिथेच बसतो. नुसतं खाली जात राहिलात तर कोकणात, डेहण्याच्या बाजूला उतराल. करोली घाटाने साम्रदला परतायचं असेल तर नाळ नेमकी कुठे सोडायची हे निघण्याआधीच गावातल्या वाटाड्याला विचारा. शक्यतो त्यालाच सोबत घ्या. त्या चढाईसाठी माणशी किमान २ लिटर पाणी राखून ठेवा.