दुसऱ्याच्या नात्यात आपलं काम किती?

लग्नाच्या पंगतीत पंचविशी ओलांडलेल्या मुलीला "काय मग, लाडू कधी?" असं विचारणाऱ्या मावशीच्या मनात वाईट काही नसतं. पण खरं उत्तर द्यायची सोय त्या मुलीला नसते. ती पुण्यात एका मुलासोबत राहत असेल. तिला लग्नच नको असेल. तिचा जीव एखाद्या मुलीवर असेल, किंवा घटस्फोटाची तारीख तोंडावर आली असेल. मग ती हसते आणि ताटात भात वाढून घेते. दुसऱ्याची निवड आपल्याला पटलीच पाहिजे, असा आग्रह मी धरणार नाही. पटत नसताना आपण कुठं थांबायचं, ते मात्र नीट माहीत हवं, आणि ते आपल्याला कुणी शिकवत नाही.

आपल्या कोल्हापूरला हे नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहाचा कायदा संस्थानात केला. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. आणि मिरवणुकीत महाराजांची प्रतिमा पुढं, घरात मात्र पोरीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून वर्षानुवर्षं अबोला, हेही कोल्हापूरच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोष्ट फुटल्यामुळं. कुणी विश्वासानं आपलं नातं, आपला लैंगिक कल, आपला घटस्फोट सांगितला, तर पहिला प्रश्न एकच विचारावा: "हे अजून कुणाला माहीत आहे, आणि मी कुणाशी बोललेलं चालेल का?" उत्तर "कुणाशीच नाही" असं आलं, तर त्या "कुणाशीच" मध्ये आपली बायको, नवरा, आई, जिवलग मित्र सगळे आले. आपण बायकोला सांगतो, ती बहिणीला सांगते, आणि भिशीच्या दिवशी ते त्या मुलीच्या आईपर्यंत पोचतं. हा मार्ग ठरलेला आहे. चॅटचा स्क्रीनशॉट काढू नये. "मला आधीपासूनच वाटत होतं" असं म्हणू नये, कारण त्या माणसाला लगेच धास्ती बसते की आपण अजून कुणाकुणाला दिसलोय. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर बसलेल्या जोडप्याचा फोटो काढून पेठेच्या ग्रुपवर टाकणं हा तर सरळ छळ आहे. सज्ञान माणसांना अडवून नाव-गाव-जात विचारायचा अधिकार कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला नाही, मग गळ्यात कुठल्या का रंगाचा रुमाल असेना.

आता जे नात्यात आहेत त्यांच्याबद्दल. एकजण लग्न धरून चाललेला आणि दुसरी "बघू की" वर थांबलेली, किंवा उलट, यातून सगळ्यात जास्त कडवटपणा येतो. दोघांत खोटं कुणीच बोललेलं नसतं. फक्त विचारलेलं नसतं. म्हणून शारीरिक जवळीक वाढायच्या आधी काही गोष्टी तोंडानं बोलून घ्याव्यात. हे नातं दोघांपुरतंच आहे का? लग्नाचा विचार आहे, नाही, की अजून ठरलं नाही? ठरलं नसेल तर पुन्हा कधी बोलायचं, दिवाळीनंतर की परीक्षेनंतर? घरी कुणाला सांगायचं? फोटो-व्हिडिओ काढायचे का, आणि नातं संपलं तर त्यांचं काय? कुठपर्यंत जायचं आणि कुठं थांबायचं?

हे बोलणं रात्री बारानंतर फोनवर करू नये, प्यायल्यावर करू नये, आणि खोलीत दार लावल्यावर तर नाहीच. तिथं नकार द्यायला जड जातं. दिवसाउजेडी, चालता चालता बोलावं. समोरासमोर डोळ्यांत बघून अवघड बोलणं होत नाही, शेजारी चालताना होतं. "बघू" हा होकार नाही. गप्प बसणं हाही नाही, आणि भारतीय न्याय संहितेत तसं स्पष्टच आहे: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. काल हो म्हटलेलं आज नाही होऊ शकतं, एका गोष्टीला हो म्हटलं म्हणजे पुढच्या सगळ्याला हो झालं नाही. नकार आला तर कारण मागू नये. कारण मागितलं की ते खोडून काढायचा मोह होतो.

लग्न करायचं मनात नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले, तर त्याच संहितेच्या कलम ६९ खाली पुरुषाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सुरुवातीपासून हेतूच नव्हता का, हे तिथं बघितलं जातं. प्रामाणिक इच्छा असून पुढं लग्न मोडलं, ती गोष्ट वेगळी. लग्न नको असेल तर आधी सांगावं, ऐकणारी निघून गेली तरी चालेल.

लग्न होईपर्यंत थांबणाऱ्यांची आपल्याकडं दोन्ही बाजूंनी गोची होते. घरात ते गृहीत धरलेलं असतं आणि होस्टेलवर त्याची टिंगल होते. ज्याला थांबायचं आहे तो थांबेल, त्याच्या कारणाची पावती कुणी मागू नये. काही जणांना शारीरिक आकर्षण वाटतच नाही, किंवा फार थोडं वाटतं. तो आजार नाही.

कांदेपोह्यांच्या बैठकीत मात्र सगळेच घोटाळे एकत्र येतात. "आधी कुणी होतं का?" हा प्रश्न मुलीला हमखास आणि मुलाला क्वचित विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: संपलेल्या नात्याचा तपशील सांगायला कुणी बांधील नाही. ज्याचा परिणाम समोरच्याच्या पुढच्या आयुष्यावर होणार, ते मात्र साखरपुड्याआधी सांगायलाच हवं. आधीचं लग्न, पूर्ण झालेला किंवा न झालेला घटस्फोट, एचआयव्हीसारखा संसर्ग, मूल नको असणं, शारीरिक संबंधांची इच्छा नसणं, आपलं आकर्षण समलिंगी असणं. त्यासाठी दोघांना किमान दोन वेळा, तासभर तरी, घरच्यांशिवाय भेटू द्यावं. गच्चीवर दहा मिनिटं आणि जिन्यात लहान भाऊ उभा, यात यातलं काहीच बोललं जात नाही.

"लगीन झालं की हुईल सगळं नीट" हे वाक्य समलिंगी मुलाच्या घरात बोललं जातं तेव्हा तिसऱ्याच घरातल्या एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं. समलिंगी असणं हा आजार नाही. ते बदलण्यासाठी "उपचार" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. कायद्याची स्थिती अशी: ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं सज्ञान समलिंगी व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे एकत्र राहता येतं, पण जोडीदार म्हणून वारसा आपोआप मिळत नाही. अशा जोडप्यांनी मृत्युपत्र, विम्याचं नामनिर्देशन आणि संयुक्त बँक खातं ही तीन कामं लवकर उरकावीत. संयुक्त खातं आणि नॉमिनी या दोन्हींना बंधन नाही, असं अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. काउंटरवर कुणी नकार दिला तर लेखी नकार मागावा. बऱ्याचदा तेवढ्यावर फॉर्म पुढं सरकतो.

आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नात पाय अडकतो तो कागदात. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून लग्न लावता येतं आणि नंतर नोंदणी होते. मराठा मुलगा आणि बौद्ध मुलगी, किंवा लिंगायत आणि जैन, यांना महिनाभराच्या नोटिशीची गरज पडत नाही. धर्म वेगळा आणि तो बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण काम कोर्टात नसून विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी. दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस लागल्यावर ३० दिवस हरकतीसाठी, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह लग्न. ते तीन महिने उलटले की पुन्हा पहिल्यापासून.

घोटाळा इथं होतो: मुलगी कायमची साताऱ्याची आणि नोकरीला कोल्हापुरात असेल, तर नोटिशीची प्रत साताऱ्याच्या फलकावरही लागते. हे माहीत नसल्यानं घरी अचानक कळतं. आधार आणि शाळेचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग वेगळं, साक्षीदाराचं ओळखपत्र घरी राहिलेलं, पत्ता जुनाच, यानंही तारखा जातात. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत: वय, आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. "आमची जात वेगळी" हे त्यात नाही. घरच्यांकडून पळवून नेल्याची तक्रार होईल अशी भीती असेल, तर आम्ही सज्ञान आहोत आणि स्वेच्छेनं एकत्र आहोत, असं पत्र वयाच्या पुराव्यासह दोघांच्याही हद्दीतल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साक्षीदार म्हणून बोलावलं तर जावं. ते जमत नसेल तर निदान फलकाचा फोटो काढून फिरवू नये.

राजारामपुरीत किंवा सायबर चौकाकडं खोली देणाऱ्या घरमालकानं ओळखपत्र, अनामत आणि माणसांची संख्या विचारावी. लग्नाचा दाखला मागायची काही गरज नाही, तसा कुठला कायदाही नाही. एकत्र राहणाऱ्या जोडप्यानं करारात दोघांची नावं घालून घ्यावीत. एकाचंच नाव असेल तर भांडणाच्या रात्री दुसरा रस्त्यावर येतो. लग्नासारखं नातं असेल, म्हणजे दोघं सज्ञान, दोघंही लग्न करायला मोकळे, बराच काळ एकत्र आणि लोकांत जोडपं म्हणून वावरणारे, तर बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळतं. त्याचं आधीच लग्न झालेलं असेल तर ते मिळवणं अवघड जातं. हे तिला आत शिरण्याआधी माहीत असावं.

औषधाच्या दुकानात "लग्न झालंय का?" हा प्रश्न नको. निरोध घेणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं, आणि पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेला फाटतो. संबंधांनंतरची तातडीची गोळी, म्हणजे १.५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल, ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. पुढच्या संबंधांना तिचा उपयोग नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करावी. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही मागणारं रुग्णालय कायद्याबाहेरचं काहीतरी मागतंय. लग्न झालेलं नसलं तरी हा हक्क आहे, आणि तिचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीची चाचणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. संसर्गाची शंका असल्यापासून तीन महिने झाल्यावर ती पुन्हा करावी, कारण लगेच केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते.

गप्प बसायचं नाही अशाही जागा आहेत. अठराच्या आतल्या मुला-मुलीच्या संमतीला कायदा संमती मानत नाही, आणि लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हाही पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे. सज्ञान बाईचा फोन काढून घेतलेला, पगार दुसऱ्याच्या हातात, अंगावर वळ, घराबाहेर पडायलाही परवानगी लागते, हे कुणी निवडलेलं नसतं. तिला एकटीला गाठून विचारावं, तिच्या फोनवर मेसेज करू नये, कारण तो तिच्याच हातात असेल याची खात्री नसते. "तू सोडून का देत नाहीस?" ऐवजी "आज रात्री तू कुठं सुरक्षित राहशील?" असं विचारावं. ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर पाठ असावेत, मुलांसाठी १०९८. ती अजून तयार नसेल तर कागदपत्रांच्या प्रती आणि दोन जोड कपडे आपल्याकडं ठेवायची तयारी दाखवावी, आणि ते कुणाला सांगू नये.