थीम पार्कातला बार आणि बाबांचा पासपोर्ट

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझं डोकं परत तापणार आहे. भारतातून आलेल्या माणसाला कॅलिफोर्नियातल्या थीम पार्कात बिअर किंवा कॉकटेल घ्यायचं असेल तर मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही, डिजिलॉकर चालत नाही. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा असला आणि त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असल्या तरी चालत नाही.

आईबाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या पार्कात जायचं ठरलं ते खरं तर माझ्या मुलासाठी. पार्कचं नाव घेत नाही, भांडण उकरून काढायचं नाहीये. बाबांना राइड्समध्ये काडीचाही रस नव्हता. पण आत चाच्यांच्या जहाजासारखा सजवलेला एक बार आहे म्हटल्यावर ते सावरून बसले. "लहान पोरांच्या जत्रेत दारू? परवानगी कोण देतं यांना?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "कधी जायचंय?"

बाबांचा पहिला प्रश्न तसा रास्त होता. अमेरिकेतही हे अलीकडेपर्यंत सरसकट चालत नव्हतं. अॅनाहाइमचं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेने आत दारू विकू दिली नाही. दारू आली की नको ती माणसं येतात, असं त्याचं मत होतं. १९६७ मध्ये तिथे क्लब ३३ सुरू झाला आणि त्यात मद्य मिळायचं, पण तो फक्त सभासदांसाठी. तुमच्याआमच्यासारख्या तिकीट काढून आलेल्या माणसाला डिस्नेलँडच्या आत पहिलं कॉकटेल मिळालं ते थेट २०१९ मध्ये, ओगाज कॅन्टीना नावाच्या, अंतराळातल्यासारख्या सजवलेल्या बारमध्ये. गंमत म्हणजे त्याच्या अगदी समोरच्या, त्याच कंपनीच्या कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर पार्कात २००१ मध्ये उघडल्यापासून वाइन आणि बिअर मिळते आहे. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्याच पार्कात २०१२ साली एका रेस्टॉरंटात रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर सुरू झाली. पॅरिसच्या डिस्नेवाल्यांनी तर वर्षभरातच हात टेकले: पार्क १९९२ मध्ये उघडलं, आणि जेवणाबरोबर वाइन नाही म्हणून फ्रेंच लोकांनी अशी नाकं मुरडली की १९९३ मध्ये बंदी उठली. टोकियो डिस्नेलँड मात्र २०२० पर्यंत कोरडं राहिलं. हे सगळं मी रांगेत उभ्या उभ्या वाचलं. वाचायला वेळ भरपूर होता, तो का ते आता सांगते.

बारच्या बुकिंगला काहीच अडचण आली नाही. अॅपवर वेळ मिळाली, कार्ड नंबर दिला, झालं. एवढंच लक्षात ठेवा की मुलंही डोक्यांच्या हिशेबात धरायची असतात, आणि ऐनवेळी गेला नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी दंड कापतात.

बारच्या दारात एक छोटं टेबल होतं. तिथे ओळखपत्र दाखवायचं, मग रिस्टबँड, मग आत. माझं आणि नवऱ्याचं लायसन्स त्या बाईने दिव्याखाली धरून पाहिलं आणि बँड बांधले. आमची भाची बरोबर होती, वीस वर्षांची, तिचं लायसन्स बघायलाही लागलं नाही. कॅलिफोर्नियात दारूसाठी वय एकवीस लागतं, आणि एकवीसच्या आतल्यांना लायसन्स उभ्या आकाराचं देतात, ते लांबूनच कळतं. तिला हसून सांगितलं, तुझ्यासाठी मॉकटेल. मग बाबांची पाळी आली.

बाबांनी मोठ्या ऐटीत पाकिटातून भारताचं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं. बाईने ते उलटसुलट केलं आणि म्हणाली, हे नाही, पासपोर्ट हवा. मी पर्समधून झेरॉक्स काढली. नाही. फोनवर पासपोर्टचा फोटो दाखवला. नाही. बाबा म्हणाले, "अगं, डिजिलॉकर दाखव तिला, आपल्याकडे ट्रेनमध्ये टीसी मान्य करतो." दाखवलं. ती बिचारी अशोकस्तंभाकडे कौतुकाने बघत राहिली आणि नाहीच म्हणाली. मग बाबांनी आधार कार्ड काढलं, त्यामागोमाग मतदार ओळखपत्र, आणि शेवटी एसटीच्या सवलतीचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड. टेबलावर पत्त्यांचा डाव मांडल्यासारखी कार्डं पसरली होती आणि मागे रांग वाढत होती.

मी म्हटलं, माझं लायसन्स आहे ना, मीच दोन ग्लास घेते. ती म्हणाली, तुमच्या ग्रुपमधला ज्याच्या हातात ग्लास जाणार त्या प्रत्येकाचं ओळखपत्र मला पाहायला हवं. मी म्हटलं, अहो, यांचा चेहरा बघा, हे एकवीसच्या खाली असतील का? हे बोलताना माझा आवाज चढला होता हे कबूल. तिने सुपरवायझरला बोलावलं. तोही शांतपणे तेच म्हणाला: वय दिसतंय, पण नियम सगळ्यांना सारखा. आणि या सगळ्यात बाबा कुणाच्या बाजूने होते? तिच्या! चौतीस वर्षं बँकेत सह्या जुळवून पाहण्यात गेलेला माणूस. "बरोबर आहे तिचं," ते मला म्हणाले. "मीसुद्धा फोटोवर पैसे दिले नसते." माझा तिथे भडका उडाला, पण बापावर ओरडणार कोण?

घरी येऊन मी कायदा वाचला, आणि राग कमी झाला नाही तरी कारण कळलं. कॅलिफोर्नियाच्या मद्यकायद्यात कुठलं ओळखपत्र ग्राह्य धरायचं ते लिहून ठेवलेलं आहे. इथल्या सरकारी कार्डावर नाव, जन्मतारीख आणि फोटो तर हवाच, शिवाय माणसाचं वर्णनही हवं, म्हणजे उंची, डोळ्यांचा रंग वगैरे. परदेशी सरकारने दिलेल्या कागदांपैकी त्यात पासपोर्टचं नाव स्पष्ट आहे, तोही मुदतीतला. परदेशी लायसन्सचं नाही. विक्रेत्याने असा ग्राह्य कागद पाहून दारू दिली आणि पुढे काही भानगड निघाली, तर 'मी कागद पाहिला होता' हा त्याचा कायदेशीर बचाव ठरतो. दुसरं काही पाहून दिली तर तो बचाव हातचा जातो. शिवाय २०२२ पासून राज्यात दारू देणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा काढावं लागतं. म्हणजे ती दारातल्या टेबलाजवळची बाई एका म्हाताऱ्यासाठी आपली नोकरी पणाला लावणार नव्हती. पण कायदा पांढऱ्या केसांच्या माणसालाही कागद मागाच असं काही म्हणत नाही. ते पार्कचं स्वतःचं धोरण. माझा राग त्या धोरणावर आहे आणि तो राहणार.

त्यात ज्याला त्याला सल्ला काय देतात? परदेशात पासपोर्ट घेऊन हिंडू नका, हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, बाहेर जाताना झेरॉक्स घ्या. आम्ही नेमकं तेच केलं होतं. आता पार्क म्हणतं मूळ आणा, आणि त्याच पार्कात आडवंतिडवं उलटवणाऱ्या राइड्स आहेत ज्यांत खिशातली नाणीसुद्धा जागेवर राहत नाहीत.

नवरा हॉटेलवर गेला. पार्किंगपर्यंत चालत, मग गाडी, मग परत सुरक्षा तपासणीची रांग. (बाहेर पडताना परत आत यायची सोय आहे ना हे गेटवर विचारून घ्या, तिकिटावर अवलंबून असतं.) तोवर आमची वेळ निघून गेली. पंधरा मिनिटं जागा धरतात, पुढे नाही. मग वेटिंग लिस्टवर नाव, जागा झाली की फोनवर मेसेज येणार. इथे एक टीप, जी मला उशिरा सुचली: मेसेज अमेरिकन नंबरवरच येतो, तेव्हा पाहुण्यांचा भारतातला नंबर देऊन बसू नका. आई आणि मुलगा मधल्या वेळात बोटीच्या राइडवर जाऊन आले. मी आणि बाबा सावलीतल्या बाकावर. बाबा निवांत. मी दर मिनिटाला फोन बघत होते.

पासपोर्ट आला. बाईने उघडला आणि जन्मतारखेवर बोट ठेवून थबकली. आपल्या पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. इथे उलटं. बाबांची तारीख तेविसावी, आणि तेविसावा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो? तिने पुन्हा सुपरवायझरकडे पाहिलं. मी तोंड उघडणार इतक्यात तीच हसली, "ओह, दिवस आधी," आणि बँड बांधला.

आत गेल्यावर खरं सांगायचं तर छान होतं. फळ्या करकरणारी जमीन, डुलणारे कंदील, एका विशिष्ट पेयाची ऑर्डर गेली की घंटा वाजते आणि सगळे वेटर ओरडतात. मुलाला तेच सगळ्यात आवडलं. मुलांना आत येऊ देतात, कारण अशा जागांचा परवाना बहुतेक वेळा जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटचा असतो; नुसत्या बारच्या परवान्यावर एकवीसच्या खालच्यांना दारातच थांबवावं लागतं. काउंटरला मात्र मुलांना टेकू देत नाहीत, टेबल मागा.

माझ्या ग्लासातून कोरड्या बर्फाचा धूर येत होता. बाबांनी त्यांचं कॉकटेल दोन घोट घेऊन निकाल दिला: "सरबत आहे. बरं आहे." वीस डॉलरचं सरबत. पेयाचा मग, म्हणजे कप, हवा असेल तर वेगळे पैसे. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नाहीतर आपोआप मगातच येतं. माणशी दोनच पेयांची मर्यादा होती. ओगाज कॅन्टीनात तर दोन पेयं आणि पंचेचाळीस मिनिटं असा नियम आहे, आणि दारूचा ग्लास हातात घेऊन बाहेरही जाता येत नाही. आमची एक मैत्रीण तिथे जाऊन आली. तिथल्या एका पेयाच्या फेसाने जिभेला मुंग्या येतात म्हणाली, आणि बहुतेकांना उभंच राहावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना न्यायचं असेल तर बसायला मिळणार का हे आधी बघा.

दुसऱ्या एका पार्कात नंतर गेलो तेव्हा मी पासपोर्ट गळ्यात अडकवायच्या पिशवीत घालून बाबांना दिला होता. बाबांनी बिअर मागितली, काउंटरवरच्या पोऱ्याने ग्लास भरून दिला. ओळखपत्राचं नावही काढलं नाही. बाबांना हे पसंत पडलं नाही. "बघितलं पाहिजे त्याने," म्हणत त्यांनी स्वतःच पिशवी उघडून त्याच्यापुढे पासपोर्ट धरला.

तेवढी ती गळ्यातली पिशवी मात्र नक्की घ्या, कापडी, शर्टाच्या आत राहणारी. आणि राइडवर चढताना ती खाली थांबणाऱ्या माणसाकडे द्या. आमच्यात ते काम आईकडे होतं.