डिलीट केली, तरी जागा सुटेना

जानेवारीतली रात्र होती, पावणेदहाचा सुमार. ताटं उचलून ओटा पुसत होते, तेवढ्यात फोनवर अलर्ट आला : होस्टची डिस्क ९९ टक्के भरली. हा होस्ट म्हणजे कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यातला सर्व्हर. आमची सहा माणसांची कंपनी पुण्यात बसून असे पंधरा-वीस सर्व्हर सांभाळते. या एकावर सात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटातले सात नकली संगणक, चालतात. पगारपत्रक, स्टोअर, डिस्टिलरीचे हिशेब वगैरे, आणि त्यातलं एक काट्याचं, म्हणजे उसाच्या गाड्या तोलणाऱ्या वजनकाट्याचं. गळीत हंगामात बाकीची सहा बंद पडली तर सकाळपर्यंत कुणी विचारत नाही. काट्याचं दोन मिनिटं अडकलं की फोन येतो.

डिस्क भरणं ही तशी नेहमीची कटकट. मशीनला वाटतं आपल्याकडे २०० जीबी आहेत, पण होस्टवर तिची डिस्क म्हणजे नुसती एक फाईल, क्यूकाउ-टू प्रकारची; ती वापराएवढीच असते आणि हळूहळू फुगते. साती जणी फुगल्या की होस्टची जागा संपते. अगदी शून्यावर आली की क्यूईएमयू, म्हणजे ही मशीन चालवणारा प्रोग्रॅम, मशीनला जागच्या जागी गोठवून ठेवतं. काट्याचं मशीन भर हंगामात गोठायला नको, म्हणून हात पुसून लॅपटॉप उघडला.

ही मशीन सांभाळायचं आमचं पॅनल मीच लिहिलेलं. पायथनमध्ये, खाली मशीनचा कारभार बघणारं लिबव्हर्ट, त्याखाली मशीन चालवणारं लिनक्सचं केव्हीएम. तयार साधनं आहेत की, व्हर्ट-मॅनेजर आहे, प्रॉक्समॉक्स आहे. पण कारखान्याच्या माणसांना मराठी बटणं हवी होती आणि मला हौस होती. त्यात ‘बेवारस फायली’ नावाचं एक पान आहे. डिस्कवर आहेत पण कुठल्याच मशीनच्या नाहीत, अशा फायलींची यादी. त्या रात्री यादीत एकच ओळ होती. ४१ जीबीची फाईल, नावात ‘काटा’, शेवटी ‘टीएमपी’, म्हणजे टेम्पररी, तात्पुरती. टीएमपी दिसल्यावर आणखी काय विचार करायचा? लाल बटण दाबलं. ‘नक्की?’ विचारलं त्याने. नक्की.

पान पुन्हा उघडलं, डिस्क ९९ टक्केच. पॅनलला उशीर लागत असेल म्हणून टर्मिनलवर मोकळी जागा दाखवणारं डीएफ चालवलं. तिथेही ९९. फाईल गेली होती, जागा सुटली नव्हती.

लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाच्या पोटात या क्षणी गोळा येतो. लिनक्समध्ये फाईल डिलीट करणं म्हणजे फक्त तिचं नाव पुसणं. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती उघडून ठेवली असेल तर आतला मजकूर तसाच राहतो आणि ती प्रोसेस संपेपर्यंत जागाही अडून राहते. म्हणजे माझी बेवारस फाईल कुणीतरी हातात धरून बसलं होतं. कुठली फाईल कुणी उघडलीय ते सांगणाऱ्या एलएसओएफला विचारलं. एकच ओळ आली, क्यूईएमयू, काट्याचं मशीन, आणि शेवटी कंसात ‘डिलीटेड’.

म्हणजे काट्याचं मशीन त्याच क्षणी त्या फाईलीत लिहीत होतं. तिकडे गाडी काट्यावर चढत होती, वजन पडत होतं, पावती निघत होती. सगळं सुरळीत. पण त्या मशीनला कुणी रिस्टार्ट केलं, होस्टची वीज गेली, क्यूईएमयू कुठल्याही कारणाने मेलं, की ४१ जीबी कायमचे गेले.

पहिला विचार बॅकअपचा. रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो, रोज सकाळी ‘झालं’ म्हणणारी हिरवी मेल येते. बॅकअपचा फोल्डर उघडला आणि तारखांऐवजी आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेलं. शेवटच्या १९ फायलींचा आकार बाइटपर्यंत सारखा. रोज चारशेच्या आसपास गाड्यांची वजनं ज्या डेटाबेसात पडतात, त्याचा दाबून लहान केलेला बॅकअप १९ रात्री एका बाइटनेही हलला नव्हता.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ती स्क्रिप्टही माझीच.

चालू मशीनचा बॅकअप घेताना आधी स्नॅपशॉट घेतात. त्या क्षणी मूळ फाईल गोठते आणि नवं लिखाण शेजारच्या ओव्हरले फाईलीत जायला लागतं. मूळ फाईलीची कॉपी निवांत काढायची. मग ब्लॉककमिट करून ओव्हरलेतलं सगळं मूळ फाईलीत परत मिसळायचं, मशीनला मूळ फाईलीवर आणायचं आणि ओव्हरले पुसायचा. त्या ओव्हरलेचं नाव मीच टीएमपी ठेवलं होतं. पाच-दहा मिनिटंच तर जगतो बिचारा.

डिसेंबरच्या अखेरीस या सर्व्हरवरची रेडमधली, म्हणजे एकमेकींना सांभाळणाऱ्या डिस्कांच्या जुळणीतली, एक डिस्क बदलली. त्या रात्री नव्या डिस्कवर डेटा भरणारं रिबिल्ड चालू होतं, डिस्क रांगत होती. कमिटला मी वेळेची मर्यादा घातली होती, ती उलटली आणि कमिट अर्ध्यात रद्द झालं. इथपर्यंत ठीक, लिबव्हर्ट मशीनला ओव्हरलेवरच ठेवून चालू देतं, डेटाला धक्का लागत नाही. पण कमिटच्या ओळीच्या शेवटी मी दोन उभ्या रेघा मारून ‘ट्रू’ लिहिलं होतं. म्हणजे काहीही झालं तरी ‘झालं’ म्हण. चाचणी करताना एकदा उगाच मेल येत होत्या, त्या बंद करायला टाकलं आणि काढायचं राहिलं. पुढच्या रात्री स्क्रिप्टला ओव्हरले आधीच असलेला दिसला. तिथे माझी आणखी एक हुशारी : ओव्हरले असेल तर दुसरं कुठलं तरी काम चालू असणार, कमिट तेच करील, आपण नुसती कॉपी घ्यायची. मग १९ रात्री तिने त्याच गोठलेल्या मूळ फाईलीची इमानाने कॉपी घेतली आणि हिरवी मेल पाठवली.

आणि पॅनलला ही फाईल बेवारस का वाटली? कारण पॅनल लिबव्हर्टला विचारतच नव्हतं. मशीन बनवताना कुठली डिस्क दिली, ते पॅनलने स्वतःच्या टेबलात लिहून ठेवलं होतं, आणि त्या टेबलात नसेल ते बेवारस. व्हर्शला, म्हणजे लिबव्हर्टच्या कमांडला, डिस्कची यादी विचारली असती तर टीएमपीचं नाव पहिल्या ओळीत होतं. विचारलं, पण नंतर.

अण्णांना फोन लावला. कारखान्यात संगणक विभागाच्या प्रमुखांना सगळे अण्णाच म्हणतात.

“अण्णा, काट्याच्या सर्व्हरला कुणी हात लावू नका. काट्यावर सांगा, काही अडकलं तरी बंद-चालू करायचं नाही. सर्व्हर रूमला कुलूप घाला.”

“काय झालं ताई?”

“एक फाईल बिघडलीय. काटा अर्धा तास थांबवावा लागंल.” मी अण्णांशी बोलायला लागले की आपोआप त्यांच्या वळणावर जाते.

“आत्ता? बाहेर लाईन पार फाट्यापर्यंत गेलीया. गव्हाण मोकळी पडली तर चीफ इंजिनिअर मला उसाबरोबर आत टाकतील.” गव्हाण म्हणजे गाळपासाठी ऊस आत टाकतात ती जागा.

“यार्डात वजन झालेल्या किती गाड्या उभ्यात?”

थोडा वेळ वॉकीटॉकीची खरखर ऐकू आली. “तासभर पुरतील. पण तासच हं. आणि बैलगाडीवाले तुम्हाला पुण्यात येऊन भेटतील.”

अण्णा हसत होते, मला हसू येत नव्हतं. १९ दिवसांच्या साडेसात हजारांच्या आसपास पावत्या त्या नाव नसलेल्या फाईलीत होत्या. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, म्हणजे पंधरवड्याचं बिल याच वजनांवरून निघणार. कार्बनच्या प्रती शेती खात्यात असतात, पण साडेसात हजार पावत्या पुन्हा हाताने भरायच्या म्हणजे काय, ते ज्याने भरल्यात त्याला विचारा.

केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्याबरोबर, २.६.२० कर्नलबरोबर, आलं, तेव्हापासून त्याची एक गोष्ट मला आवडते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे होस्टच्या दृष्टीने एक साधी प्रोसेस. लिबव्हर्टचा डीमन, म्हणजे त्याचा मागे चालणारा प्रोग्रॅम, रिस्टार्ट केला तरी तिला धक्का लागत नाही. आणि प्रोसेस आहे म्हणजे प्रॉक फोल्डरात तिच्या नंबराखाली तिने उघडलेल्या प्रत्येक फाईलीची खिडकी आहे. नाव गेलेल्या फाईलीचीसुद्धा. तिथून कॉपी काढता येते. जुनं नाव परत चिकटवता मात्र येत नाही. तेही करून पाहिलं, लिंक करायला कर्नलने साफ नकार दिला.

पण चालत्या मशीनची कॉपी काढली तर अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं काहीतरी हाती येणार. म्हणून आधी काटा थांबवला. मशीनमध्ये शिरून पोस्टग्रेस, म्हणजे पावत्यांचा डेटाबेस, बंद केलं, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला सिंक मारलं, बाहेर येऊन व्हर्श सस्पेंड करून मशीन थांबवलं. मशीन थांबवताना क्यूईएमयू स्वतःकडचं उरलेलं सगळं फाईलीत उतरवतं, त्यामुळे या क्षणी फाईल पूर्ण असते. दहा बावन्न झाले होते. सर्व्हरवर फक्त १८ जीबी मोकळे, तेव्हा बॅकअपच्या वेगळ्या डिस्कवर कॉपी सोडली. पावणेपाच मिनिटं लागली. तेवढ्यात मी काय केलं म्हणाल तर काही नाही. आई आतून विचारत होती दूध तापवायचंय का, आणि मी उत्तर दिलं नाही.

कॉपी झाली. क्यूईएमयू-इमेजच्या तपासणीत एकही चूक नाही. अशा वेळी हात शिवशिवतात, जुनं मशीन मारून नव्या फाईलीवर चालू करावं म्हणून. नाही केलं. जुनं मशीन गोठलेलं का होईना, जिवंत होतं आणि खरा माल अजून त्याच्या हातात होता. कॉपीवर आणखी एक कोरा ओव्हरले चढवला, त्यावरून नेटवर्क काढलेलं एक तात्पुरतं मशीन उठवलं. पोस्टग्रेस सुरू झालं. पावत्यांच्या टेबलातली शेवटची ओळ काढली.

“अण्णा, काट्यावर शेवटची पावती कितीची निघालीय?”

“थांबा.” मग काट्यावरच्या पोराचा आवाज, मागे ट्रॅक्टरवरचं गाणं. “मॅडम, एक्केचाळीस हजार दोनशे सात. बैलगाडी.”

“वजन?”

“दोन टन सहाशे पस्तीस, गाडी सोडून.”

माझ्या स्क्रीनवर ४१२०७. वजन २.६३५.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. जुनं मशीन मारलं, अडकलेले ४१ जीबी त्या क्षणी सुटले, डीएफचा आकडा हलला. एरवी असा हलला की बरं वाटतं. कॉपी परत तिच्या जुन्या नावाने जागेवर आणली, मशीन चालू केलं. काटा ४३ मिनिटं बंद होता. यार्डातल्या गाड्या पुरल्या.

आणि डिस्क पुन्हा ९९ टक्के. ज्या अलर्टपासून हे सगळं सुरू झालं तो तसाच होता. उलट आता जागेची जास्तच गरज, कारण ओव्हरले मिसळताना मूळ फाईल फुगणार. खरोखर टाकाऊ असं काय काय होतं? विंडोज इन्स्टॉल करायच्या तीन आयएसओ फायली आणि गेल्या हंगामात चाचणीसाठी बनवलेलं ६० जीबीचं एक मशीन. प्रत्येक फाईलीवर एलएसओएफ चालवलं, मग लिबव्हर्टला विचारलं, मग पुन्हा एलएसओएफ. आयएसओ फाईल पुसायला मला एवढा वेळ आयुष्यात कधी लागला नव्हता. पहाटे तीनला, वेळेची मर्यादा काढून, कमिट केलं. २६ मिनिटं चाललं. टीएमपीतलं सगळं मिसळून झाल्यावरही ती पुसली नाही, नुसतं नाव बदलून ठेवली आणि झोपले.

पुढच्या आठवड्यात पॅनलमधलं ते टेबल काढून टाकलं. आता ते दर वेळी लिबव्हर्टला विचारतं आणि ओव्हरलेमागच्या साखळीतल्या मूळ फायलीही मोजतं. लाल बटण पुसत नाही, बाजूच्या फोल्डरात हलवतं. बॅकअप दर रविवारी एका बंदिस्त मशीनवर उठवून शेवटच्या पावतीचा नंबर मेलमध्ये येतो. दोन उभ्या रेघा आणि ‘ट्रू’ माझ्या बाकी स्क्रिप्टांत शोधलं तर आणखी चार जागी सापडलं. ते प्रकरण वेगळं.

सकाळी साडेनऊला अण्णांचा फोन. “ताई, एमडी साहेबांना रिपोर्ट द्यायचाय. नक्की झालं काय?”

रात्रभर मी ‘फाईल बिघडली’ एवढंच म्हणत होते. म्हटलं, “अण्णा, बिघडली नव्हती. मी पुसली. बेवारस समजून.”

पलीकडे जरा शांतता. मग कागद सरकवल्याचा आवाज.

“मी तांत्रिक अडचण असं लिवतो. ते ऱ्हाऊ द्या आता. पंधरवड्याच्या बिलाचा प्रिंटर कालपासून नुसती नारिंगी लाईट मारतोय, आधी त्याचं बघा.”