घणसोलीचं घर, कळंबोलीचं आधार

नवी मुंबई हे एकच शहर आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा तिथल्या पोरासाठी सरकारी मदतीचा अर्ज भरून बघावा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. त्यापुढे खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा सगळा रायगड, आणि रायगडचं मुख्यालय अलिबाग. महापालिका दोन, त्यातली पनवेलची २०१६ सालची. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडचं एकच. आणि पत्ता लिहिताना सगळेच सरसकट ‘नवी मुंबई’ लिहून मोकळे होतात. माझ्या भाच्याचं प्रकरण या हद्दीच्या भानगडीत जे अडकलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

भाऊ गेल्यावर वहिनीने कळंबोलीचं घर सोडलं आणि घणसोली गावात भाड्याने खोली घेतली, कारण रबाळ्याच्या एमआयडीसीत तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं. सकाळी बाहेर पडली की ती रात्रीच घरात. भाचा पंधरा वर्षांचा, नववीत, शाळा कोपरखैरण्याला. म्हणजे नावापुरती. शाळेच्या वेळेत तो स्टेशनजवळ मोठ्या पोरांच्या घोळक्यात बसलेला दिसायचा. एकदा दप्तरात कफ सिरपची रिकामी बाटली सापडली आणि वहिनीचा मला फोन आला, “ताई, तुम्ही येता का जरा?” मी ठाण्याला राहते, ट्रान्स हार्बरने घणसोली काही लांब नाही.

नातेवाइकांचे सल्ले ठरलेले होते. गावाला पाठव, होस्टेलला टाक, नाहीतर कामाला लाव. १०९८, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, कुणाच्याच तोंडून निघाला नाही. तो नंबर घरातून पळालेल्या, रस्त्यावर सापडलेल्या मुलांसाठीच असतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलासाठी तो आहे, चोवीस तास, फुकट, आणि आई, आत्या, शेजारीण, कुणीही लावू शकतं. १९९६ साली ही सेवा ‘चाइल्डलाइन’ या नावाने मुंबईतच सुरू झाली. आधी संस्था चालवायच्या, २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांमध्ये चाइल्डलाइनच्या नावाखाली संस्थांचे जे नंबर असतात, ते लावत बसू नका. सरळ चार आकडे फिरवा. मी लावला तेव्हा त्यांनी मुलाचं वय विचारलं, कुणाजवळ राहतो, आत्ता जिवाला काही धोका आहे का, आणि राहायला कुठे. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायला सांगितलं आणि बालसंगोपन योजनेचं नाव दिलं.

हे ऐकून वहिनीचा चेहरा पडला. “ताई, रिमांड होममध्ये टाकतील हो त्याला.” ही भीती घराघरात आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं बघतं ते बाल न्याय मंडळ. ज्या मुलाला काळजीची, संरक्षणाची गरज आहे त्याचं बघते ती बाल कल्याण समिती. दोन्ही २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली येतात, पण दारं वेगळी आहेत. मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं त्याच कायद्याचं म्हणणं आहे. बालसंगोपन योजना तर मूल घरीच वाढावं म्हणून आहे. पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, तोंडी सगळे ‘संगोपन’ म्हणतात. एकच पालक असलेल्या मुलांनाही ती मिळते. महिन्याला २,२५० रुपये, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. २०२३ आधी ही रक्कम १,१०० होती.

ऑफिसमधल्या एकीने मला विचारलं, दोन हजारांत पोरगा सुधारतो होय? नाही सुधारत. पण त्या दोन हजारांच्या भरवशावर वहिनी रविवारचा ओव्हरटाइम सोडू शकते, आणि रविवारीच तर तो दिवसभर बाहेर असायचा.

आता मूळ दुखणं. फाइल घेऊन मी एका खिडकीवर गेले. कुठली ते लिहीत नाही. पलीकडच्या बाईंनी आधार कार्ड उलटं करून पत्ता वाचला, ‘कळंबोली’वर पेनचं टोपण दोनदा टेकवलं आणि सगळे कागद परत माझ्याकडे सरकवले.

“हे रायगड. अलिबागला जा.”

“अहो, पण राहतात घणसोलीला.”

“कागद कळंबोलीचे आहेत.”

मुंबईत कुणी फसवायला लागलं की ‘मी काय अलिबागहून आलोय का’ म्हणायची पद्धत आहे. इथे मला अलिबागला जायला सांगत होते, तेही पनवेलहून पेण-वडखळ करत एसटीने, अर्ध्या दिवसाच्या रजेवर! आधी फोन केला हे माझं नशीब. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, मॅडम, मूल आमच्या जिल्ह्यात राहतच नाही, तर गृहभेटीला आम्ही कुणाच्या घरी यायचं? त्याचं काय चुकलं? ज्या घरात येऊन बघायचं, त्या घराचा जिल्हा. एवढी साधी गोष्ट खिडकीवर कुणी का सांगू नये हे मला आजही कळलेलं नाही.

पण बरोबर कोण हे कळून कागद बदलत नाहीत. आमची फाइल उघडली की अख्खा नकाशा दिसायचा. आधार आणि रेशनकार्ड कळंबोलीचं. भावाचा मृत्यू दाखला मुंबई महापालिकेचा, कारण तो मुंबईतल्या हॉस्पिटलात गेला, आणि मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. (हा दाखला चालतो, त्याची चिंता करू नका.) शाळेचं बोनाफाइड कोपरखैरण्याचं. आणि उत्पन्नाचा दाखला? तो काढून देणाऱ्या केंद्रातल्या मुलाने आधार बघून परस्पर ‘तालुका पनवेल’ टाकून दिलं होतं. विचारलंसुद्धा नाही. दाखला हातात आला, सही-शिक्क्यासह, आणि आमच्या काही कामाचा नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरताना त्या माणसाच्या शेजारी उभं राहा आणि तालुका स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घणसोलीसाठी तालुका ठाणे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी तलाठी तिथेही आहेच, आणि त्याचा अहवाल लागू शकतो.

नवा दाखला काढायचा तर घणसोलीत राहत असल्याचा पुरावा हवा. आमच्याकडे होता तो स्टॅम्प पेपरवरचा नोटरीचा भाडेकरार. तो चालत नाही म्हणाले, नोंदणी केलेला आणा. इथे घरमालक काका आडवे आले. “रजिस्टर कशाला? तुम्हाला मी उद्या बाहेर काढतोय का?” काकांची अडचण मला कळत होती. घणसोली गावात परवानगीविना, गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय, सरकारी कागदावर आपल्या खोलीचं नाव चढू नये असं तिथल्या कित्येकांना वाटतं. कायद्याने भाडेकराराची नोंदणी करणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे. पण गावात राहून मालकाला कायदा ऐकवायचा आणि संध्याकाळी त्याच्याच नळाचं पाणी भरायचं, हे वहिनीला जमणारं नव्हतं. काकांना समजावण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात बाकीची अख्खी प्रक्रिया झाली असती.

शेवटी मी काकूंना गाठलं. त्या पापलेटं साफ करत होत्या. सगळं ऐकून घेतलं, विळी बाजूला ठेवली आणि आत आवाज दिला, “आवं, पोराच्या शालंसाठी हाय, द्या ना अंगठा.” झालं. एजंट मशीन घेऊन घरी आला, फोटो निघाले, अंगठे लागले. ज्यांच्यापुढे असा प्रश्न आहे त्यांनी आधी घरात कुणाचा शब्द चालतो ते बघावं.

त्या करारावर आधारचा पत्ता बदलला, मग ठाणे तालुक्याचा उत्पन्नाचा दाखला, आणि फाइल घेतली गेली. फाइल देताना आपल्या झेरॉक्स प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागून लाइन ओरडली तर ओरडू दे. पुढे कुणी ‘असा अर्जच आलेला नाही’ म्हणालं की तोच शिक्का पुढे करायचा.

अर्जाबरोबर पालक आणि मुलाचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. पासपोर्टचा नाही, पोस्टकार्ड आकाराचा. भाचा यावर अडून बसला. दारातल्या पाण्याच्या ड्रमाला टेकून उभा, हाताची घडी, मान फिरवलेली. म्हणाला, “आम्ही गरीब आहोत ते दाखवायला ना?” वहिनी रडवेली झाली. मी म्हटलं, नाही रे, तू घणसोलीत राहतोस ते दाखवायला, इतके दिवस हेच तर कुणी मानत नाहीये. तो खुदकन हसला आणि त्यातच मी फोटो काढला. हसरा फोटो चालतो का, हा विचारही तेव्हा केला नाही. चालला.

गृहभेटीला आलेल्या ताई आणि नंतर समिती, दोन्हीकडे माझा राग काढण्यासारखं काही घडलं नाही. समितीने भाच्याशी आम्हाला बाहेर बसवून बोलणं केलं. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही, पण त्याला मोबाइल दुरुस्ती शिकायचीय हे वहिनीला पहिल्यांदा तिथे कळलं. आधी दहावी, मग आयटीआय, असं काहीतरी ठरलंय. शाळेत बसणं जमलंच नाही तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तेव्हा शाळेशी भांडून निघू नका.

समुपदेशनाचं आधीच लिहायला हवं होतं, कारण त्यासाठी कुठल्याच जिल्ह्याचा कागद लागत नाही आणि ते पहिल्या दिवसापासून सुरू करता येतं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. पहिल्यांदा वहिनीच बोलली, स्वतःसाठी. नशेचं प्रकरण असेल तर १४४४६ वेगळा आहे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९० पासून आहे, भाचा आता तिथे येतो आणि परतताना माझ्याकडे जेवून जातो. मनोरुग्णालयाची ओपीडीही ठाण्यातच आहे, पण ते नाव काढलं की घरचे बिचकतात. आमचेही बिचकले, तेव्हा मी आग्रह धरला नाही.

पैसे आले, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतील असं धरून उसनवारी करू नका. आमचे काही महिन्यांचे एकदम जमा झाले. स्टेशनजवळचा घोळका अजून आहे, भाचा कधीमधी तिथे दिसतो. शाळेत जातो, पण रोज नाही.

रेशनकार्ड अजून कळंबोलीचंच आहे. त्याच्यासाठी पनवेलहून नाव कमी केल्याचा दाखला आणायचाय. या वेळी वहिनी म्हणाली, “ताई, तुम्ही नका येऊ, तुम्ही लगेच भांडता.” ती आणि भाचा जाणार आहेत.