आमची वाटचाल : सोरतापवाडीतल्या फुलणाऱ्या कॅक्टसची

पुण्याजवळच्या सोरतापवाडीतली आमची नर्सरी मूळची गुलाबाची. अण्णा, म्हणजे माझे सासरे, गुलाबाची डोळा भरून कलमं स्वतः करायचे. 2012 साली आम्ही नवरा-बायकोने शेडच्या एका कोपऱ्यात कॅक्टस मांडले तेव्हा ते म्हणाले, "काटेरी झाड घरात घेणार कोण?" मी त्यांना नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची आठवण करून दिली. देवाला निवडुंग चालला, मग आपल्याला का नाही चालणार?

पहिला माल आम्ही एका व्यापाऱ्याकडून तयार कुंड्यांमध्ये घेतला. प्रत्येक रोपाच्या डोक्यावर लाल नाहीतर पिवळं फूल होतं, त्यामुळे तो हातोहात खपला. सहा महिन्यांनी कोथरूडच्या एक काकू कुंडी घेऊन आल्या. "अगं, हे फूल कोमेजतच नाही, आणि झाडही वाढत नाही." मी पाकळ्यांखाली नख घातलं, तर गरम डिंकाचा चिवट धागा निघाला. वाळवलेलं, रंगवलेलं फूल शेंड्यावर चिकटवलेलं होतं. काकूंचे पैसे परत केले. त्या संध्याकाळी उरलेल्या सगळ्या कुंड्या समोर घेऊन चिमट्याने फुलं काढत बसले. डिंकाबरोबर शेंड्याची लवसुद्धा उपटून येत होती. बरीच रोपं सडली. जी वाचली त्यांचा शेंडा दुखावला होता, म्हणून त्यांना बाजूने पिल्लं फुटली. तीच पिल्लं आमची पहिली मातृरोपं. चिकटवलेलं फूल विकायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

खरं फूल आणायला मात्र दोन वर्षं लागली. आम्ही गुलाबवाले, पाणी घालायची सवय हाडात भिनलेली. बहुतेक रोपं मॅमिलॅरिया या कॅक्टसच्या प्रकाराची, त्याचं मूळ घर मुख्यतः मेक्सिको. त्याला थंडीत कोरडं राहू द्यावं लागतं. आता नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत आम्ही पाणी जवळजवळ बंद ठेवतो. रोप थोडं आक्रसतं, गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. पण ही थंड, कोरडी विश्रांती आणि भरपूर उजेड मिळाला, की फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्याभोवती गुलाबी कळ्यांचं कडं दिसू लागतं. खोलीच्या आत टीपॉयवर ठेवलेलं रोप जगेल, पण सहसा फुलणार नाही. त्याला सकाळचं ऊन येणारी खिडकी किंवा गॅलरी हवी. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावायची आणि माती पार तळापर्यंत सुकली, की मगच भरपूर पाणी द्यायचं.

2016 च्या पावसाळ्यात मोठा फटका बसला. हलकं पडतं म्हणून सगळ्या कुंड्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, भरल्या होत्या आणि शेडचा कागद एका कडेने फाटला. कोकोपीट आठवडाभर ओलंच राहिलं. रोपं वरून हिरवीगार दिसत होती, पण बोट लावलं की बुडाशी पिकल्या टोमॅटोसारखी मऊ लागायची. सहाशे रोपं गेली. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टीवरून विटांचे तुकडे घेऊन आले आणि स्वतः चाळत बसले. तेव्हापासून आमचं मिश्रण ठरलेलं आहे : दोन भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. कुंडी मातीची, खाली भोक असलेली. कुंडी बदलली की आठवडाभर पाणी नाही, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात.

आज आमच्याकडे पाच बायका कामाला आहेत. आम्ही बियांपासून रोपं करतो. मिरचीसारखी छोटी लाल फळं पिकली की बी काढून पेरतो, आणि ते रोप फुलायला तीन-चार वर्षं जातात. म्हणून आमची किंमत बाजारापेक्षा जास्त आहे. इथे एकदा तरी फुललेलंच रोप आम्ही विकतो.

मार्च लागला की फोटो यायला लागतात. "ताई, पांढरं काहीतरी आलंय, पिठ्या ढेकूण आहे का? स्पिरिट लावू?" मी आधी फोटो मोठा करून बघते. पिठ्या ढेकूण ही कीड, ती कापसासारखी कुठेही चिकटते, आणि ती असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायला सांगते. कळी मात्र रोपाच्या अंगावरच्या दोन गाठींच्या बेचक्यातून वर येते आणि तिच्या टोकाला रंग असतो. परवा हडपसरहून आलेल्या फोटोत तसे सात ठिपके होते. मी लगेच फोन लावला, "काही लावू नका, कळ्या आहेत त्या!"