उसण, दोन डब्या आणि शंभर मिलिमीटरची रेघ

एप्रिलमध्ये आमच्याकडे इंदूरला घरोघरी वर्षाचा गहू भरला जातो. रामबागेतील आमच्या घरी पोती आली तेव्हा, मुलगा पुण्याला आणि हमाल चहाला गेलेला असल्यामुळे, एक पोते एकट्याने सरकवण्याचा उद्योग मी बासष्टाव्या वर्षी केला आणि कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठण्यासाठी हिचा हात धरावा लागला.

शहरातील एका खासगी रुग्णालयात डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, कळ गुडघ्याखाली उतरत नाही याची खात्री केली आणि एक्स-रेची गरज नसल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारले की त्यांच्या एका अभ्यासात मी सहभागी होईन का. डायक्लोफेनॅक ही नेहमीची वेदनाशामक गोळी सर्वांनाच मिळणार होती. तिच्या जोडीला काहींना बी-१, बी-६ आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची कॅप्सूल आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण ही जीवनसत्त्वे नसलेली 'पोकळ' कॅप्सूल दिली जाणार होती. औषध सात दिवस घ्यायचे होते; कोणाला काय मिळाले हे मला कळणार नव्हते आणि त्या बाईंनाही नाही.

घरी फोन केला तर वहिनींनी प्रथम विचारले, "भाऊजी, तुमच्यावर प्रयोग करताहेत का?" त्यांचे भय निराधार नव्हते. औषधांच्या चाचण्यांवरून याच शहरात मोठे वादळ उठले होते. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती आणि २०१३ मध्ये चाचणीत इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचे नियम आले. म्हणून मी दोन तास मागून घेतले आणि बाकावर कमरेमागे उशी ठेवून हिंदीतील माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य मी दोनदा वाचले. पत्रकावरील नोंदणी क्रमांक मुलाला कळवला. त्याने २००७ पासून चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो शोधून, 'बाबा, नोंद आहे, मजकूरही जुळतो,' असे सांगितल्यावरच मी सही केली.

सही झाली तरी प्रवेश मिळतोच असे नाही. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, गेल्या महिन्यात घेतलेली बी जीवनसत्त्वे, यांपैकी काहीही निघाले तर नाव वगळले जाते. शेजारच्या काकूंनी दिलेल्या 'ताकदीच्या' दोन गोळ्या मी आठवड्यापूर्वी गिळल्या होत्या. ते लपवण्याचा मोह झाला, पण सांगून टाकले. पाकीट मागवून पाहिले तेव्हा त्या नुसत्या कॅल्शियमच्या निघाल्या. रक्तही घेतले गेले.

वेदना मोजण्याची पद्धत मला सर्वांत रोचक वाटली. कागदावर बरोबर शंभर मिलिमीटरची आडवी रेघ असते; डाव्या टोकाला 'वेदना नाही' आणि उजव्या टोकाला 'कल्पनेतील सर्वाधिक वेदना' असे लिहिलेले असते, मध्ये एकही आकडा नसतो. आपण खूण करायची आणि नंतर त्यांनी पट्टीने मोजायचे. माझी हयात नकाशे काढण्यात गेली असल्यामुळे पहिली खूण ७८ च्या आसपास पडली हे मला पट्टीशिवायच कळले. कालची खूण दिसू नये म्हणून रोजचे पान वेगळ्या पाकिटात जात असे, तरी ती माझ्या डोळ्यांसमोर राहत होती, आणि आज थोडी डावीकडे करावी की खरोखर कमी दुखते आहे, हे ठरवताना मी दोनदा तरी अडखळलो. एकदा तर, डॉक्टरबाई इतकी धडपड करतात, त्यांना बरे वाटावे म्हणून हात डावीकडे सरकू लागला होता. मी पेन खाली ठेवले आणि वाकून चपला उचलून पाहिल्या, मग खूण केली.

जेवणानंतर दिवसातून दोनदा दोन्ही डब्यांतील एकेक घ्यायची, फारच दुखले तर पॅरासिटामॉल घ्यायची आणि तिचीही नोंद करायची, असा क्रम होता. दुसऱ्या दिवशी लघवी हळदीसारखी पिवळी झाली. मी हिला विजयाने सांगितले की मला खरी जीवनसत्त्वे मिळाली आहेत. सातव्या दिवशी खूण १२ च्या जवळ होती आणि 'आपल्याला काय मिळाले असे वाटते' या प्रश्नापुढे मी नि:शंकपणे 'जीवनसत्त्वे' लिहिले. कॅप्सूल मोजून परत घेताना एक उरली, कारण एका लग्नात रात्रीचे जेवण उशिरा झाले होते; तेही लिहिले गेले. मग बाईंनी हसून सांगितले की पिवळा रंग बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, आणतो आणि कोणी रंगावरून ओळखू नये म्हणून ते दोन्ही प्रकारच्या कॅप्सूलमध्ये थोडे घातलेले आहे. शिवाय अशी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून तर पोकळ कॅप्सूलचा गट ठेवावा लागतो. उरलेली कॅप्सूल मी मागितली तर त्यांनी नकार दिला. बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास नसांनाच इजा होऊ शकते.

रक्ताचा अहवाल मात्र वेगळेच सांगून गेला. ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १४ नॅनोग्रॅम होते, २० च्या खाली कमतरता मानतात. ते या अभ्यासाचा भाग नव्हते; मोठ्या डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची एक मात्रा आठ आठवडे दिली. नडग्यांच्या हाडांतील जुना ठणका, जो मी वयावर ढकलत होतो, आता कमी आहे. पण त्याची रेघ कोणी काढली नव्हती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे मी ठरवलेले नाही.

अभ्यासात अजून माणसे घेतली जात आहेत आणि सर्वांची नोंद पूर्ण होईपर्यंत कोणाला काय मिळाले याची सांकेतिक यादी उघडली जाणार नाही. शेजारच्या काकूंनाही आता उसण भरली आहे. त्या रोज गोळीचे नाव विचारतात, आणि पिवळ्या रंगाची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. न जाणो, त्याही उद्या त्याच बाकावर बसायच्या.